आरशातली मुलगी मोजायची कशी?

आजचा विषय ऐकायला जरा पुस्तकी वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आपल्या शरीराविषयी काय वाटतं, त्या वाटण्याचा त्यांना किती त्रास होतो, आणि हा मनातला त्रास मोजता येतो का, हे आज आपण बघू.

गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात समोर येतो. मोहोपाड्यातल्या एक काकू म्हणाल्या, 'पोरगी डबा नेते तसाच परत आणते. विचारलं तर म्हणते, पोट सुटलंय.' चौककडच्या एका ताईंच्या मुलीने कसलं तरी क्रीम आणलं होतं, डबीवर ना कंपनीचं नाव ना तारीख. कर्जतच्या बाजूच्या एका वाडीतल्या मावशी सांगत होत्या, की मुलगी अभ्यासात हुशार आहे, पण वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की दांडी मारते, कारण 'सगळे माझ्या रंगाकडे बघतात.' तिघींची तक्रार वेगळी वाटते. शास्त्राच्या भाषेत ती एकाच गोष्टीची तीन तोंडं आहेत. तिला म्हणतात देहप्रतिमा, म्हणजे आपल्या शरीराचं आपल्याच मनात असलेलं चित्र.

हा विचार नवा नाही. व्हिएन्नात वाढलेले पॉल शिल्डर नावाचे मनाचे डॉक्टर होते. त्यांनी १९३५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मनातलं हे चित्र आणि आरशातलं शरीर एकसारखं असेलच असं नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. चित्र बनतं डोळ्यांनी, पण त्यात रंग भरतात आजूबाजूच्यांचे शब्द. लहानपणी 'आमची काळी' म्हणून लाडाने हाक मारलेली मुलगी अठराव्या वर्षी तो लाड विसरते आणि शब्द तेवढा लक्षात ठेवते.

मनातलं हे चित्र थोडंफार डागाळलेलं असणं सगळ्यांचंच असतं. नाक जरा सरळ असतं तर बरं, केस दाट असते तर बरं, असं कुणाला वाटत नाही? अभ्यासकसुद्धा याला आजार म्हणत नाहीत. पण काहींच्या बाबतीत हे वाटणं दिवसभर डोक्यात फिरत राहतं, जेवण तोडतं, लोकांत जाणं तोडतं, अभ्यास मागे टाकतं. तिथून त्याला देहप्रतिमेचा बिघाड म्हणतात. नाराजी कुठे संपते आणि बिघाड कुठे सुरू होतो, ही रेघ डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून मापाची गरज पडते.

भात मोजायला आपल्याकडे शेर आहे, पायली आहे. दूध मोजायला डेअरीत माप आहे. मनातली गोष्ट मोजायला माप कुठून आणायचं? यासाठी लोकांनी मुख्यतः दोन युक्त्या काढल्या. एक चित्रांची आणि दुसरी प्रश्नांची.

चित्रांची युक्ती अगदी सोपी. १९८३ साली अल्बर्ट स्टंकर्ड नावाचे अमेरिकन डॉक्टर आणि त्यांचे डेन्मार्कमधले सहकारी यांनी एका कागदावर नऊ बायकांची आणि नऊ पुरुषांची रेखाचित्रं वापरली. पहिलं चित्र अगदी किडकिडीत, नववं खूप जाड, मधली पायरीपायरीने. मुलीला विचारायचं, यातली तू कोणती? मग विचारायचं, तुला कोणती व्हायला आवडेल? समजा ती म्हणाली, मी पाचवी आहे आणि मला तिसरी व्हायचंय. पाचातून तीन गेले, दोन उरले. ही दोन पायऱ्यांची दरी म्हणजे तिची नाराजी. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही हे माप लावता येतं, हा त्याचा मोठा गुण.

याच चित्रांनी पुढे एक मजेशीर गोष्ट उघड केली. १९८५ साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलामुलींना आणखी एक प्रश्न विचारला गेला: समोरच्याला, म्हणजे मुलींच्या बाबतीत मुलांना, कोणतं चित्र आवडत असेल? मुलींनी दाखवलं ते चित्र बरंच बारीक होतं. मुलांनी स्वतः दाखवलेलं चित्र त्याहून भरलेल्या अंगाचं निघालं. म्हणजे मुली ज्या आवडीच्या भीतीने जेवण टाकत होत्या, ती आवड मुलांची नव्हतीच! मग ती आली कुठून, हा विचार तुम्हीच करा. जाहिरातीत बाई कुणाची आणि साबण विकणारा कोण, तेही बघा.

मुलांच्या बाबतीत मात्र या मापाने फसवलं. मुलांची सरासरी काढली तर दरी जवळजवळ शून्य आली. लोक म्हणाले, मुलगे खूश आहेत. नंतरच्या अभ्यासात कळलं, की अर्धेअधिक मुलगे नाराजच होते. काहींना बारीक व्हायचं होतं, तर जवळपास तेवढ्यांनाच अंग भरायचं होतं. एकाची दोन पायऱ्या खाली आणि दुसऱ्याची दोन पायऱ्या वर, बेरीज शून्य! आपल्या गटात एकीचे दोनशे जास्त आणि दुसरीचे दोनशे कमी असले तर एकूण हिशेब जुळतो, पण घोळ दोन्हीकडे असतोच ना, तसंच हे. ज्यांच्या घरी जिमला जाणारा आणि डब्यातली पावडर दुधात ढवळून पिणारा मुलगा आहे, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. हा त्रास फक्त मुलींचा नाही.

आता प्रश्नांच्या युक्तीकडे येऊ. इथे आम्हाला जरा थांबून बोलायचंय, कारण खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही इथेच आहे.

१९८७ साली इंग्लंडमध्ये ३४ प्रश्नांची एक यादी तयार झाली. गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला जाड झाल्याची भीती वाटली का, बसल्यावर मांड्या पसरतात याची लाज वाटली का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाला 'कधीच नाही' ते 'नेहमी' असं एक ते सहापर्यंत उत्तर द्यायचं. सगळ्यांत कमी गुण ३४, सगळ्यांत जास्त २०४. जास्त गुण म्हणजे जास्त काळजी. जगभरच्या विद्यापीठांत ही यादी वापरली गेली आणि आजही वापरतात.

आता आपल्या वाडीतल्या त्या मावशींच्या मुलीला ही यादी देऊन बघा. ती अंगाने बारीक आहे. जाडीची तिला मुळीच भीती नाही. ती सगळीकडे 'कधीच नाही' लिहील आणि तिचे गुण येतील ३४ च्या आसपास. कागद म्हणेल, मुलगी एकदम ठीक. आणि मुलगी रंगापायी वर्गात जात नाहीये! माप खोटं नाही, पण ते जाडी मोजायला केलेलं आहे. दुधाच्या मापाने कापड मोजायला गेलं तर दोष कापडाचा कसा?

आपल्या मुलींच्या तक्रारी कोणत्या, ते तुम्हालाच जास्त ठाऊक. रंग. चेहऱ्यावरचे फोड आणि डाग. ओठांवरची लव. उंची. दात पुढे असणं. केस विरळ होणं. आणि जाडीइतकंच वाळकेपणही, कारण आपल्याकडे 'हाडं दिसतात, लग्नात साडी कुठे अडकणार' असंही बोललं जातं. म्हणून आपल्यासाठी माप असं हवं, ज्यात मुलगी स्वतः सांगेल की दुखतंय कुठे.

असं एक माप आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ओल्ड डोमिनियन विद्यापीठात थॉमस कॅश नावाचे प्राध्यापक होते. देहप्रतिमा हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली सात प्रश्नांचं एक छोटं माप तपासून पुढे ठेवलं, आणि ते तपासलं कॉलेजच्या मुलामुलींवरच. त्याचं नाव देहप्रतिमा-बिघाड प्रश्नावली. ते आधी कोणता अवयव वाईट, हे ठरवत नाही. पहिला प्रश्न एवढाच, की शरीराच्या कुठल्या भागाविषयी तुम्हाला काळजी वाटते का आणि किती. काय वाटतं ते आपल्या शब्दांत लिहायला जागा आहे. मग पुढचे प्रश्न एकेक पायरी आत जातात. तो विचार सतत डोक्यात राहतो का, थांबवता येत नाही असा? त्याने मनाला किती यातना होतात? रोजच्या वागण्यात अडथळा येतो का? मैत्रिणींत, नातेवाइकांत मिसळणं कमी झालंय का? अभ्यासावर, कामावर परिणाम झालाय का? आणि शेवटचा प्रश्न, त्यापायी तुम्ही काही गोष्टी टाळता का?

प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे टोकाचं. सात उत्तरांची बेरीज करून सातने भागायचं. समजा एका मुलीची उत्तरं आली ४, ४, ३, २, ३, २ आणि ३. बेरीज २१, भागिले ७, म्हणजे ३. एवढं गणित आपल्या गटातली कुठलीही हिशेबनीस ताई करू शकेल.

पण थांबा. दुसऱ्या एका मुलीचे पहिल्या तीन प्रश्नांना दोन दोन गुण आहेत आणि पुढच्या चारांना ४, ३, ४, ४. बेरीज तिचीही २१, सरासरी तिचीही ३. पहिली मनात झुरते आहे, पण कॉलेजला जाते. दुसरी 'मला काही वाटत नाही' म्हणते, पण तिने घराबाहेर पडणं सोडलंय. आकडा एकच आणि मुली दोन! म्हणून आमचं मत असं, की आकडा मोजून झाल्यावर कागद फेकून द्यायचा नसतो. उत्तरं एकेक करून वाचायची असतात. वर्गभर प्रश्नावली वाटून नुसत्या सरासरीचा तक्ता छापणाऱ्या अभ्यासांबद्दल आम्हाला फारसं कौतुक वाटत नाही.

माप चांगलं की वाईट, हे कसं ठरवतात? दोन गोष्टी बघतात. पहिली, तेच माप पुन्हा लावलं तर तेच उत्तर येतं का. रेशनच्या दुकानातला काटा सकाळी पाच किलो आणि दुपारी साडेचार दाखवत असेल तर तो कामाचा नाही. म्हणून त्याच मुलींना दोन-तीन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतात. दुसरी गोष्ट, माप जे मोजतो म्हणतं तेच मोजतं का. काटा रोज बरोबर पाच किलो दाखवेल, पण पिशवीत तांदूळ आहे की माती, ते काटा सांगत नाही. त्यासाठी मुलींशी बसून बोलावं लागतं आणि त्यांचं बोलणं व कागदावरचे गुण जुळतात का, हे पाहावं लागतं.

आणि भाषा! इंग्रजीतली प्रश्नावली मराठीत आणायची तर आधी एकाने मराठी करायची, मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही अशा दुसऱ्याने त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं आणि दोन्ही इंग्रजी जुळतात का ते बघायचं, अशी रीत आहे. रीत चांगली आहे, पण पुरेशी नाही. साधा शब्द घ्या, 'तब्येत'. आजी म्हणते, 'बाय, तब्येत छान झाली गं तुझी!' आजीच्या मनात शाबासकी आहे. नातीने ऐकलं, 'तू जाड झालीस.' प्रश्नावलीत 'तुम्हाला तुमच्या तब्येतीची काळजी वाटते का' असं छापलं, तर एक मुलगी उत्तर देईल तापाचं आणि दुसरी देईल वजनाचं. 'अंग धरलंय', 'खात्यापित्या घरची', 'सुकलीस गं', 'गहूवर्णी', 'उजळ', या प्रत्येक शब्दाला आपापलं वजन आहे. ते वजन शहरातल्या कार्यालयात बसून कळत नाही. प्रश्न तयार करताना आपल्यासारख्या बायकांना बोलवायला हवं, असं आम्ही हक्काने म्हणतो.

आणखी एक खोच. असे अभ्यास बहुतेक वेळा कॉलेजच्या मुलामुलींवरच का होतात? त्या वयात त्रास जास्त दिसतो हे खरं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी पहिल्यांदा एसटीने, गाडीने पनवेल-खोपोलीला जाते. वसतिगृहात राहते, वेगळे कपडे, वेगळी बोली बघते, हातात फोन येतो. पण दुसरं कारण सोयीचं आहे. प्राध्यापकासमोर वर्ग आयता बसलेला असतो. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याला ठाऊक आहे, पण शीत त्याच टोपातलं हवं. मुंबईतल्या एका वर्गावरून पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या मुलीचं मन कळणार नाही. वीटभट्टीवर गेलेल्या आदिवासी मुलीचं तर नाहीच. बारावीनंतर जिचं शिक्षण सुटलं, ती कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आजूबाजूचं जग बदललं की मनातलं चित्र किती लवकर बदलतं, याचं एक उदाहरण दूरच्या फिजी बेटांवरचं आहे. तिथे भरलेलं अंग म्हणजे चांगल्या घरचं लक्षण, मुलगी वाळली तर घरच्यांना काळजी. आपल्या आजीसारखंच! तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. अॅन बेकर या अमेरिकन अभ्यासकांनी शाळकरी मुलींना आधी १९९५ मध्ये आणि मग १९९८ मध्ये खाण्याच्या सवयींविषयीची एकच प्रश्नावली दिली. पहिल्या वेळी शंभरात सुमारे १३ मुलींचे गुण धोक्याच्या रेघेवर होते. तीन वर्षांनी शंभरात सुमारे २९. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती, दुसऱ्या वेळी शंभरात ११ निघाल्या. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि संख्या साठ-पासष्टच होती, तेव्हा फार ताणू नये. तरी तीन वर्षांत एवढा फरक! आणि तो टीव्ही होता, चेहरा गोरा-निमुळता करून देणारा हातातला फोन नव्हता.

आता वजनाचं बोलू, कारण इथे आयांचा गोंधळ होतो. मुलगी नाराज आहे म्हणजे तिचं वजन जास्तच आहे, असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या, महाराष्ट्रातल्या शंभर बायकांमागे जवळजवळ २१ बायका गरजेपेक्षा कमी वजनाच्या निघाल्या आणि सुमारे २३ जास्त वजनाच्या. रक्त कमी असलेल्या तर शंभरात ५४. याच राज्यात, याच वस्तीत एक मुलगी उपाशी राहून बारीक व्हायला बघते आणि शेजारची हाडं झाकायला दोन ड्रेस एकावर एक घालते.

वजन ठीक आहे का, हे बघायचा सोपा हिशेब असा: वजन किलोमध्ये घ्यायचं आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिने वजनाला दोनदा भागायचं. उत्तर १८.५ च्या खाली आलं तर वजन कमी. १५५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं वजन ४५ किलो असेल तर उत्तर येतं १८.७, म्हणजे ती काठावर आहे. अशी मुलगी 'पोट सुटलंय' म्हणून डबा परत आणत असेल, तर तिच्या पोटाचा नव्हे, मनातल्या चित्राचा प्रश्न आहे. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या वर गेलं की सावध व्हायला सांगतात.

पण या हिशेबालाही सगळं कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचंच माप छापलं. दोघांचा वजन-उंचीचा आकडा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून दोघे सारखेच सडसडीत. तेव्हा 'बारीक म्हणजे निरोगी' हेही खरं नाही आणि 'जाड म्हणजे आजारी' हेही डोळे झाकून म्हणता येत नाही.

अलीकडे पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुली आपल्या भागात दिसतात. तिथे मुलींना उंची १५५ सेंटिमीटर लागते. ते माप उघड आहे आणि टेपने घेतात. त्यात कमी पडली तर वाईट वाटतं, पण का ते कळतं. 'मुलगी बघायला' आलेल्या पाहुण्यांचं माप तसं नसतं. तिथे टेप नसते, नजर असते. बायोडेटात 'गोरी, सडपातळ' असा रकाना छापून आपणच ती नजर घरात आणतो.

रंगाचा बाजार तर जुना आहे. गोरं करणारं म्हणून देशभर खपलेलं 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आलं. २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो अँड लव्हली' केलं. मधली पंचेचाळीस वर्षं जाहिरातीतल्या मुलीला नोकरी आणि नवरा गोरी झाल्यावरच मिळत होते. रंगावरून माणसाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, असे नियम जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०१४ मध्ये केले.

नाव असलेल्या डबीपेक्षा बिननावाच्या डबीची भीती जास्त. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एका घरातल्या तिघी, त्यात एक कॉलेजात शिकणारी, यांची मूत्रपिंडं बिघडली. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि क्रीममध्ये पारा सापडला. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही त्याच सुमारास असेच रुग्ण भेटले. पारा कातडीतला रंग बनणं थांबवतो, म्हणून चेहरा पंधरा-वीस दिवसांत उजळ दिसतो. मैत्रीण म्हणते, 'काय लावतेस गं?' आणि डबी पुढे जाते. पण पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज येणं, ही खूण दिसली तर क्रीम बंद करून, डबी हातात घेऊनच डॉक्टरकडे जायचं. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला परवानगी नाही. चुकून मिसळला तरी दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांचा नियम तेवढा वेगळा.

दुसरी डबी असते स्टेरॉइडच्या मलमाची. ट्यूबवर शेवटी 'सोन' असलेलं औषधाचं नाव दिसतं, बीटामेथासोन, मोमेटासोन असं. ते त्वचेच्या आजारांचं औषध आहे. गोरं व्हायला महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, लाल होते, फोड येतात, लव वाढते. मग मुलगी आणखी लपते. २०१८ पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे.

आता प्रश्न येतो, की आपल्या गटाने काय करायचं. सात प्रश्नांचा कागद आणून गावातल्या मुलींना वाटायचा का? आमचं उत्तर, नाही. ते माप अभ्यासकांच्या हातातलं आहे. उत्तरं कुणाकडे राहणार, नाव लिहायचं का, त्रास जास्त निघाला तर मुलीला पुढे कुठे न्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. मुलीची संमती लागते, आणि अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांचीही. कॉलेजात कुणी असा अभ्यास करायला आलं, तर हे प्रश्न आपण बेधडक विचारावेत. आणि कुणाच्या घरी, कुठल्याही कार्यक्रमात, चारचौघांत वजनकाट्यावर मुलींना उभं करून आकडा मोठ्याने वाचायचा नाही.

पण त्या सात प्रश्नांमागची नजर आपण उचलू शकतो. त्यातले शेवटचे चार प्रश्न परिणामाचे आहेत आणि परिणाम आईला दिसतो. मुलगी लग्नाकार्याला यायचं टाळते का? पूर्वी आवडणारी गोष्ट, खेळ, नाच, पोहणं, सोडून दिलं का? आरशासमोर फार वेळ जातो, किंवा उलट आरसाच टाळते? एकटीच जेवते का? जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाते का? पाळी लांबली, चक्कर येते, केस गळतात, असं होतंय का? यातलं काही महिना-दोन महिने चालू असेल, तर 'नखरे' म्हणून सोडू नका. विचारतानाही 'तू जाड नाहीस गं' असं समजावत बसण्यापेक्षा, 'तुला कॉलेजात कुणी काही बोलतं का?' असं विचारलेलं बरं. पहिल्या वाक्याने बोलणं संपतं, दुसऱ्याने सुरू होतं.

कारण खूपदा कुणीतरी बोललेलं असतं. वर्गात 'कोळसा', 'हत्ती', 'काडी' अशी नावं पाडणं ही थट्टा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगच्या नियमांत सुधारणा करून रंगावरून किंवा दिसण्यावरून केलेला छळही रॅगिंगमध्ये घातला. महाराष्ट्रात तर १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध वेगळा कायदा आहे. तक्रार कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे करता येते, किंवा १८००-१८०-५५२२ या फुकटच्या फोनवर.

मनाच्या त्रासासाठी सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतात, तिथे समुपदेशक ताई एकांतात बोलतात. कुठल्या वारी असतं ते तुमच्या आशाताईंना विचारा. आणि १४४१६ वर मुलगी बोलायला तयार नसेल, तर आधी आईने फोन केला तरी चालतो. 'माझी मुलगी जेवत नाही, तिला वाटतं ती जाड आहे,' एवढं सांगितलं की पुढचं ते विचारतात.